सातांपैकी दोन गुण



आपल्या कार्यवाहांनी मला दूरध्वनीवरून "दुबईविषयी काहीतरी बोला" एवढेच सांगितले होते. दुबईहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला सोन्याच्या भावाचा आणि दुसरा अबू धाबीच्या नव्या सिनेगॉगचा. सोन्याचे भाव माझ्यापेक्षा आपल्या भगिनींना अधिक ठाऊक आहेत आणि सिनेगॉगची छायाचित्रे सर्वांच्या मोबाईलवर येऊन गेली आहेत. म्हणून आज मी माझ्या कामाविषयी बोलणार आहे. आपली पाच-सहा मुले सध्या तिकडे नोकरीसाठी जाण्याच्या तयारीत आहेत. त्यांची अशा रीतीने परीक्षा घेतली जाण्याचा संभव आहे आणि ती परीक्षा अनेक वर्षे मीच घेत होतो.

दुबईच्या एका मालवाहतूक कंपनीत मी हिशेबनीस म्हणून रुजू झालो आणि पुढे प्रशिक्षण विभागात गेलो. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष माझाही आहे. वेगवेगळ्या देशांतून आलेले व्यवस्थापक गुंतागुंतीच्या प्रश्नाचा विचार कसा करतात हे मोजणे, हे तिथे माझे काम होते. माझ्या आईला मी हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती माजघरात तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिने विचारले, "विचार कसा मोजतोस रे? शेराने की पायलीने?" तेव्हा मी हसलो होतो. आज मला तो प्रश्न त्या विषयावरच्या पुष्कळ पुस्तकांपेक्षा नेमका वाटतो.

गुंतागुंतीचा प्रश्न म्हणजे काय, ते तिथल्याच एका उदाहरणाने सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी बदलली. पूर्वी ती शुक्रवार-शनिवार होती, ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम ठरले. शारजाने तर शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी घेतली. वरवर पाहता हा कॅलेंडरचा प्रश्न आहे. पण सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवारच सुट्टी राहिली. त्यामुळे रियाधशी आमचे कामाचे पाच दिवस सामाईक होते ते चार झाले, आणि लंडनशी चार होते ते साडेचार झाले. त्यातून मालाची कागदपत्रे कोणत्या वारी पोचतील हे बदलले. त्यावरून गोदामात माल किती दिवस पडून राहील हे बदलले आणि त्यावरून चालकांच्या पाळ्या. पती दुबईत आणि पत्नी शारजात नोकरीला असेल तर घरचे वेळापत्रकही बदलले. एक दोरा ओढला की दुसरीकडे गाठ बसते. (ज्यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' हे नाव पडले, त्यांना सुट्टीचा वार ही किरकोळ बाब नाही हे मी वेगळे सांगायला नको.)

आता मोजमाप. १९६७ साली श्रोडर, ड्रायव्हर आणि स्ट्रॉयफर्ट या तीन मानसशास्त्रज्ञांनी माणूस माहिती कशी हाताळतो यावर एक ग्रंथ लिहिला. आमची परीक्षा त्या परंपरेतली होती. परीक्षार्थ्याला वाक्याची नुसती सुरुवात दिली जाते. नियमांविषयी, संशयाविषयी, कुणी आपल्यावर टीका केली तर काय याविषयी. ते वाक्य पुरे करून त्याने आणखी चार ओळी लिहायच्या. मग परीक्षक त्याला एक ते सात यांमधला गुण देतो. त्याचे मत बरोबर की चूक हे पाहायचे नसते. दोनच गोष्टी पाहायच्या. एकाच गोष्टीच्या निरनिराळ्या बाजू त्याला दिसतात का, आणि त्या बाजू तो एकमेकींना जोडतो का.

सुट्टीचेच उदाहरण घ्या. "शुक्रवार तो शुक्रवार, नवी सुट्टी चुकीची आहे," असे लिहिणाऱ्याला एक गुण. "लंडनशी व्यवहार असणाऱ्यांना ती सोयीची आहे आणि रियाधशी व्यवहार असणाऱ्यांना गैरसोयीची," यात दोन बाजू दिसल्या, म्हणून तीन. "लंडनचा अर्धा दिवस मिळवताना रियाधचा एक दिवस जातो, तेव्हा आपला कोणता व्यवहार थांबू शकतो आणि कोणता नाही हे पाहून ठरवावे लागेल," इथे दोन बाजू एकमेकींवर परिणाम करू लागल्या, म्हणून पाच. आणि या सर्वांच्या मागे कोणती मोठी व्यवस्था आहे, ती कालांतराने कशी बदलत जाईल, हे मांडणाऱ्याला सात. सात मी माझ्या आयुष्यात फार थोड्यांना दिले. मिश्नामध्ये बहुमताच्या निर्णयाबरोबर अल्पमतही जपून नोंदलेले असते. आपल्या मुलांना ही पद्धत त्यावरून चटकन समजेल.

ही परीक्षा पोकळ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पीटर सूडफेल्ड आणि फिलिप टेटलॉक यांनी १९७७ मध्ये हीच पद्धत मुत्सद्द्यांच्या भाषणांना आणि खलित्यांना लावली. १९१४ च्या पेचप्रसंगाचा शेवट महायुद्धात झाला, तर १९६२ चा क्यूबाचा पेच युद्धाविना सुटला. १९१४ च्या राजकारण्यांचे लेखन १९६२ च्या लेखनाहून साधे, एकरंगी निघाले. त्याच वर्षी त्यांनी एका सहकाऱ्यासह, मध्यपूर्वेच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत १९४७ ते १९७६ या काळात झालेली भाषणे तपासली. जिथे युद्ध पेटणार होते तिथे त्याआधीच्या भाषणांतली गुंतागुंत घसरलेली आढळली. १९४८, १९५६, १९६७, १९७३ ही वर्षे आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांना नातेवाइकांच्या पत्रांमुळे आठवतात. बंदुकीआधी वाक्ये आखूड होतात, हे कुणीतरी मोजून दाखवले होते. मी ते प्रथम वाचले तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. आपल्या हाती काही सामर्थ्य आले आहे असे त्या वयात वाटले.

आता माझी चूक सांगतो.

२०१९ साली कंपनीत गोदाम-व्यवस्थापकाची एक जागा रिकामी झाली. उमेदवारांत म्हसळ्याचे एक गृहस्थ होते. कोकणी मुसलमान, मराठी शाळेत शिकलेले, जबल अली बंदराजवळच्या आमच्या गोदामात सतरा वर्षे काम केलेले. मी मूळचा रेवदंड्याकडचा. त्यामुळे आमची ओळख मासळी आणि भाताच्या गप्पांपुरती होती. परीक्षा इंग्रजीत होती, वेळ ठरावीक होता आणि कागद मनुष्यबळ विभागाकडे जाणार होता. नियमांविषयीच्या वाक्यापुढे त्यांनी लिहिले होते की नियम पाळलेच पाहिजेत, सर्वांनी पाळले पाहिजेत. टीकेविषयी लिहिले होते की साहेब टीका करतात ती आपल्या भल्यासाठीच असते. सगळा कागद असाच. आम्ही दोघा परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले, ते जुळले. सातांपैकी दोन.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. पण अहवालात कारणमीमांसा लागते, म्हणून मी गिर्ट हॉफस्टेड यांचा आधार घेतला. हॉफस्टेड यांनी साधारण १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून प्रत्येक देशाला आकडे दिले. त्यांतला एक आकडा अधिकाराच्या अंतराचा. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांतले अंतर लोक किती मुकाट्याने मान्य करतात, त्याचा. भारताचा आकडा ७७. मी लिहिले, "उमेदवाराच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीत अधिकाराचे अंतर मोठे आहे. तो आदेशाची वाट पाहील. अनिश्चित परिस्थितीत स्वतंत्र विचार करण्याची अपेक्षा ठेवू नये." जागा दुसऱ्याला मिळाली.

त्याच तक्त्यात अमिरातीचा आकडा ८० दिसतो. पण तो एकट्या अमिरातीचा नव्हेच. इजिप्त, इराक, कुवेत, लेबनॉन, लिबिया, सौदी अरेबिया आणि अमिराती मिळून सगळ्या अरब प्रदेशाला तो एकच आकडा लावलेला होता. हा देशच मुळी २ डिसेंबर १९७१ रोजी, पाहणी चालू असताना, जन्माला आला. जिथे दहांपैकी जवळजवळ नऊ रहिवासी परदेशी आहेत, तिथे देशाचा आकडा म्हणजे कुणाचा आकडा? आणखी एक गंमत पाहा. इस्राएलचा आकडा १३ आहे, जवळजवळ सर्वांत खालचा. माझा जन्म भारतातला, नोकरी दुबईतली आणि धाकटा भाऊ अश्दोदला. आम्ही दोघे भाऊ एकाच आईच्या हातचे जेवलो आणि एकाच बापाला घाबरलो. मग ७७ कुठे संपतो आणि १३ कुठे सुरू होतो? हॉफस्टेड यांनी स्वतः बजावले होते की हे आकडे देशादेशांच्या तुलनेसाठी आहेत, एकेका माणसाला लावण्यासाठी नाहीत. ते मी वाचले होते. वाचूनही लावले.

२३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन नावाचे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस अडकून राहिले. युरोपाहून जबल अलीकडे येणारा माल मागे कोंडला. एप्रिलच्या मध्यावर रमजान सुरू व्हायचा होता. खाद्यपदार्थांची मागणी तेव्हा वाढते, आणि कायद्यानेच कामाचे तास दोनांनी कमी होतात. जहाजे उशिरा आली तर ती सगळी एकदम येणार, ट्रक कमी पडणार, डेमरेज चढणार आणि माणसे उपाशीपोटी कमी तास काम करणार. हा खरा गुंतागुंतीचा प्रश्न. त्यावर अहवाल लिहिण्यासाठी मला गोदामात पाठवले गेले. मी दोन दिवस म्हसळ्याच्या या गृहस्थांच्या टेबलाशेजारी बसलो.

ते दिवसभर फोनवर होते. मल्याळी क्लिअरिंग एजंटाशी हिंदीत, पेशावरच्या ट्रकमालकाशी उर्दूत, फिलिपिनो कारकुनाशी मोडक्या इंग्रजीत, बंदरावरच्या अधिकाऱ्याशी अरबीत. कालवा अजून मोकळा झालेला नव्हता आणि त्यांनी रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातले रात्रीचे ट्रक ठरवून टाकले होते. मी विचारले, दुसऱ्याच आठवड्यातले का? ते म्हणाले, "साहेब, पहिल्या आठवड्यात सगळेच ट्रक मागणार, भाव चढणार. आपला थंडीचा माल तेवढा आधी काढायचा. बाकीचा आठ दिवस पडला तर डेमरेज बसेल, पण ट्रकच्या भावापेक्षा कमी. आणि इफ्तारनंतर माणसं ताजी असतात." मी मनातल्या मनात गुण देत होतो. सहा. कदाचित सात.

त्या रात्री मी माझ्या कपाटातली जुनी पत्ते-पद्धत बाहेर काढली. जॉर्ज केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली ती मांडली, तिला रेपर्टरी ग्रिड म्हणतात. तिच्यात परीक्षक वाक्य देत नाही. समोरच्याने आपल्या ओळखीच्या दहा-बारा माणसांची नावे पत्त्यांवर लिहायची. त्यांतले कोणतेही तीन पत्ते पुढे ठेवायचे आणि विचारायचे, यांतले दोघे कशात सारखे आहेत आणि तिसरा कशात वेगळा? जे उत्तर येईल ती त्या माणसाची स्वतःची मोजपट्टी. असे पुन्हा पुन्हा करत गेले की त्याच्या मोजपट्ट्यांची यादी तयार होते. मग प्रत्येक पट्टीवर प्रत्येक माणूस बसवायचा. सगळ्या पट्ट्या शेवटी 'आपला चांगला, परका वाईट' एवढेच सांगत असतील तर विचार एकपदरी. पट्ट्या एकमेकींपासून सुट्या असतील तर बहुपदरी. शब्द त्याचे, भाषा त्याची.

आम्ही हे मराठीत केले. मी पाऊण तास धरला होता, तीन तास लागले. त्यांच्या पट्ट्या मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. 'उशीर होणार असेल तर आधी कळवतो किंवा नंतर कारण सांगतो.' 'नाही म्हणायचे असते तेव्हा गप्प बसतो किंवा फार बोलतो.' 'घरी पैसे पाठवायची तारीख जवळ आली की घाई करतो किंवा नाही करत.' 'चूक झाली तर माझ्याकडे येतो किंवा माझ्या वरच्याकडे जातो.' अशा चौदा पट्ट्या निघाल्या. 'इन्शाअल्ला' या एका शब्दाचे त्यांनी तीन प्रकार केले होते. एक वचन देणारा, एक सभ्यपणे नकार देणारा आणि एक खरोखरच आपल्या हातात नाही असे सांगणारा. कोण कोणता म्हणतो आहे हे ओळखून ते ट्रक ठरवीत. कोणतीही पट्टी राष्ट्रावरून काढलेली नव्हती. माझ्या अहवालातली एकुलती एक पट्टी राष्ट्रावरून काढलेली होती.

मी त्यांना त्यांचा जुना कागद दाखवला. हे नियमाविरुद्ध होते, पण दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "यात काय चुकलं?" मी म्हटले, चुकले काही नाही, पण तुम्ही नियमांविषयी एवढेच का लिहिलेत? ते म्हणाले, "साहेब, कागद कंपनीत जाणार होता. माझा व्हिसा कंपनीचा. पोरगी बारावीला होती. नियमांबद्दल आणखी काय लिहायचं असतं?"

बंधुभगिनींनो, हे उत्तर मला ठाऊक असायला हवे होते. मोठ्या आणि दीर्घ ताणाखाली माणसाच्या लेखनातली गुंतागुंत घसरते, हे सूडफेल्ड यांनीच सांगितले आहे. १९१४ चे राजकारणी मूळचे मंदबुद्धी होते असे त्यांचे म्हणणे नव्हते, त्या दिवसांत ते तसे विचार करू लागले होते असे होते. म्हणजे ही परीक्षा बऱ्याच अंशी माणसाची अवस्था मोजते. तो कुठे बसला आहे, कागद कुणाकडे जाणार आहे, भाषा कुणाची आहे, यांचेही माप त्यात येते. आम्ही ते माप माणसाच्या अंगी कायमचे चिकटवत होतो, रक्तगटासारखे. परक्या भाषेत, व्हिसा ज्याच्या हाती त्याच्यासमोर, घड्याळ लावून लिहिलेल्या दहा ओळी आणि आपल्या टेबलावर आपल्या भाषेत केलेला दिवसभराचा विचार, यांतले कोणते मोजायचे हे आधी ठरवायला हवे होते.

जर्मनीत डीट्रिख डर्नर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी माणसाला लिहायला सांगितले नाही, संगणकावर एक काल्पनिक प्रदेश देऊन तो चालवायला सांगितले. विहिरी खणा, गुरे वाढवा, दवाखाने उघडा. बहुतेकांनी चांगल्या हेतूने इतके केले की काही वर्षांत पाणी किंवा अन्न संपून लोक उपाशी मरू लागले. लोहाउझेन नावाच्या अशाच एका काल्पनिक गावाचा कारभार ४८ जणांना दिला गेला. तेव्हा बुद्धिमापनाच्या चाचणीतले गुण आणि कारभारातले यश यांचा फारसा मेळ बसला नाही. हा खेळ मला अधिक प्रामाणिक वाटतो, पण तो खर्चिक आहे आणि कंपन्यांना एका पानात आकडा हवा असतो.

कुणी म्हणेल, मग सात गुणवाला तरी निश्चित चांगला ना? तेही नाही. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या वादातली यादवी युद्धापूर्वीची लिखाणे टेटलॉक यांनी दोन सहकाऱ्यांसह अभ्यासली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. सर्वांत गुंतागुंतीचा विचार गुलामगिरीशी तडजोड करू पाहणाऱ्या मधल्या लोकांचा निघाला. ती मुळापासून नष्ट करा म्हणणाऱ्यांचे गुण कमी होते. मिसरच्या दास्यातून बाहेर पडल्याची कथा दरवर्षी सेदेरच्या रात्री ऐकणाऱ्या आपल्या लोकांपुढे यावर अधिक बोलत नाही.

मी नवा अहवाल लिहून वरिष्ठांकडे नेला. त्यांनी तो वाचला, माझे अभिनंदन केले आणि जागा भरलेली आहे असे सांगितले. ते खोटे नव्हते. परीक्षा मराठी, हिंदी आणि मल्याळममध्येही घ्यावी आणि तिच्यावरून एकट्यावरून बढती ठरवू नये, एवढे मी पुढच्या दोन वर्षांत भांडून मान्य करून घेतले. म्हसळ्याच्या गृहस्थांना त्याचा उपयोग झाला नाही. २०२२ मध्ये ते नोकरी सोडून गावी परतले.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. आता त्यांचा भाड्याच्या टेम्पोंचा धंदा आहे. जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून माझेच जुने पत्ते काढले. मी ते त्यांना आठवण म्हणून दिले होते. त्यांनी तीन पत्ते माझ्यापुढे ठेवले. एकावर माझ्या वरिष्ठांचे नाव, एकावर माझे, एकावर त्यांचे स्वतःचे. म्हणाले, "बोला साहेब. यांतले दोघे कशात सारखे?"

मी बराच वेळ विचार केला. शेवटी म्हणालो, "आपण दोघे कोकणातले, ते नाहीत."

ते मोठ्याने हसले. म्हणाले, "राष्ट्र सोडलंत आणि जिल्हा धरलात! याला तुमच्या हिशेबाने एकच गुण मिळेल." मग पत्ते पुन्हा पिसून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.